पीपीयू .३०८, १५० ग्रेन सॉफ्ट पॉइंट: न्यूझीलंडच्या रानात वापरून पाहिलेलं सर्बियन काडतूस

आधी निकाल सांगून टाकते. पीपीयू या सर्बियन कंपनीचं .३०८ विंचेस्टर (हे काडतुसाचं माप), १५० ग्रेन (हे गोळीचं वजन) सॉफ्ट पॉइंट (टोकाशी शिसं उघडं असलेली गोळी) हे काडतूस लाल हरणासाठी दोनशे मीटरच्या आत निर्धास्त वापरावं असं आहे. किंमत कमी आहे, गोळी आपलं काम करते आणि गोळी जिच्यात बसते त्या पुंगळीचं पितळ उत्तम आहे. सांबरासाठी मात्र मी ते नेणार नाही. तुमच्या रायफलीत ते कसं चालेल हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. ते रायफलीलाच विचारावं लागतं, आणि कसं विचारायचं हाच या लेखाचा मोठा भाग आहे.

मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला राहते, दूध पावडरच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. मूळची खडकीची. बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणीला होते. १८६९ सालापासून चालत आलेली फॅक्टरी. आमच्या वसाहतीतल्या निम्म्या घरांचा दिवस तिच्या भोंग्यावर चालायचा. फॅक्टरीतलं काम घरी बोलायचं नाही हा बाबांचा नियम होता, पण ‘लॉट’ हा शब्द मात्र घरात सारखा असायचा. लॉट पास झाला, लॉट अडकला, लॉट परत पाठवला. मी इथे पहिल्यांदा रायफल घेतली आणि त्यांना कळवलं, तेव्हा कुठल्या कंपनीची काडतुसं घेतलीस असं त्यांनी विचारलंच नाही. “डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवलास का?” एवढंच विचारलं. अनोळखी काडतूस निवडताना मी आजही तिथूनच सुरुवात करते. कंपनीचं नाव सगळ्या डब्यांवर एकच असतं. हातातला डबा कुठल्या दिवशी, बंदुकीच्या दारूच्या कुठल्या खेपेतून भरला गेला ते फक्त लॉट नंबर सांगतो.

शिकारीबद्दल दोन शब्द आधीच सांगायला हवेत, कारण आपल्याकडच्या वाचकाला हा विषयच खटकू शकतो आणि ते साहजिक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, ती बंदच राहावी. इथली परिस्थिती उलटी आहे. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं इंग्रज वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेपायी जहाजांतून आणून सोडली. त्यांना खाणारं जनावर इथे नाही, त्यामुळे ती वाढतात आणि इथल्या रानातली कोवळी रोपं उगवल्याबरोबर फस्त करतात. बहुतेक सरकारी जंगलांत लाल हरणाला हंगामाची अट नाही, संख्येची नाही. संवर्धन खात्याचा परवाना ऑनलाइन फुकट मिळतो. बंदुकीचा परवाना मात्र चांगला कस लावून मिळतो. सुरक्षेचा अभ्यासक्रम, परीक्षा, तुमच्याबद्दल ओळखीच्यांची साक्ष, आणि घरी येऊन बंदूक कुठे व कशी कुलपात ठेवणार याची पाहणी. २०१९ च्या क्राइस्टचर्चमधल्या हत्याकांडानंतर कायदा आणखी कडक झाला आणि आता काडतुसांचा साधा डबा घ्यायलाही परवाना दाखवावा लागतो. मला हे सगळं योग्य वाटतं. जे मारते ते मी घरी आणून खाते, आणि मारताना जनावराला तडफडावं लागू नये याची जबाबदारी माझी आहे. काडतुसाची एवढी चिकित्सा त्यासाठीच.

माझी रायफल टिक्का टी३एक्स, फिनलंडची, साधी बोल्टवाली (दर गोळीनंतर हातानं बोल्ट ओढायची), .३०८. नळी वीस इंची, पुढे आवाज कमी करणारा सायलेन्सर. इथे तो कायदेशीर आहे आणि कानांसाठी बहुतेक जण लावतात. इतकी वर्षं मी अमेरिकन फेडरल कंपनीचं १५० ग्रेनचं साधं सॉफ्ट पॉइंट वापरत होते. ते मिळेनासं झालं तेव्हा दुकानदारानं काउंटरवर पीपीयूचा डबा ठेवला. लोक नेतात आणि पुन्हा तेच मागायला येतात, एवढंच तो म्हणाला. ही शिफारस चांगलीच आहे, पण ती इतरांच्या रायफलींबद्दलची. तेव्हा किंमत चाळीस न्यूझीलंड डॉलरच्या आत, वीस काडतुसं. शेजारी ठेवलेले नावाजलेले डबे याच्या दीडपट-दुपटीला होते.

पीपीयू म्हणजे प्र्वी पार्टिझान, ‘पहिला पार्टिझान’. पश्चिम सर्बियातल्या उझित्से गावातली ही फॅक्टरी १९२८ ची. १९४१ मध्ये जर्मनांशी लढणाऱ्या पार्टिझानांनी हे गाव ताब्यात घेऊन काही आठवडे स्वतःचं राज्य चालवलं आणि वेढ्यातसुद्धा इथे रायफली आणि काडतुसं बनत राहिली. बाँबफेकीपासून वाचायला काम डोंगरातल्या भुयारात हलवलं होतं. त्या नोव्हेंबरात तिथे भयंकर स्फोट झाला आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. खडकीत वाढलेल्या माणसाला हे वाचून पोटात कालवतं. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काम करणारं माणूस सकाळी डबा घेऊन बाहेर पडतं तेव्हा घरच्यांच्या मनात काय असतं ते आम्हाला माहीत आहे. इतिहासानं गोळी सरळ जात नाही हे मलाही कळतं. पण जवळजवळ शंभर वर्षं एकच वस्तू बनवणारी जागा आणि कुठून तरी काडतुसं भरून घेऊन वर स्वतःचं लेबल चिकटवणारा व्यापारी, यांत फरक आहे, आणि अनोळखी डबा हातात घेतल्यावर तो फरक पहिला शोधावा. पुंगळीच्या बुडावर कुणाचा शिक्का आहे ते बघा. इथे ‘पीपीयू’ आणि ‘.३०८ विन’ असं स्वच्छ उमटलेलं आहे. शिक्का एकाचा आणि डबा दुसऱ्याचा असेल तर दुकानदाराला विचारा. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण भरलं कुणी हे कळायला हवं.

दुसरी गोष्ट दाबाची. .३०८ च्या काडतुसात दारू पेटली की जास्तीत जास्त ४,१५० बारपर्यंत दाब चालतो, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या चार हजार पटींहून जास्त, आणि हे सगळं तुमच्या गालापासून काही बोटांवर घडतं. ही मर्यादा सीआयपी या आंतरराष्ट्रीय आयोगानं ठरवलेली आहे. १९१४ सालची ही संस्था, मुख्यालय ब्रुसेल्सला. सर्बिया तिचा सदस्य आहे आणि सदस्य देशांत काडतुसांची सरकारी तपासणी होऊन डब्यावर तशी खूण यावी लागते. अमेरिकेत हेच काम सामी नावाची उद्योगांची संघटना करते, तिथे ते ऐच्छिक आहे. डब्यावर यातलं काहीच नसेल, पत्ता नसेल, लॉट नंबर नसेल तर तो डबा फुकट मिळाला तरी मी घेणार नाही.

तिसरी गोष्ट गोळीची जात, आणि नवखी माणसं इथेच फसतात, कारण एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकावर एफएमजे, म्हणजे पूर्ण आवरणाची गोळी. शिसं टोकापर्यंत तांब्याच्या पत्र्यात बंद. ती निशाणावर सरावाला, आणि लष्कराला. दुसऱ्यावर सॉफ्ट पॉइंट, एसपी. टोकाशी शिसं उघडं, त्यामुळे आत शिरल्यावर पसरणारी. हरणाला हीच लागते. एफएमजे हरणाच्या फुप्फुसातून बारीक भोक पाडून निघून जाते आणि ते जनावर मैलभर पळत जाऊन कुठे तरी तासन् तास मरत पडतं. टोक उघडं ठेवलेली गोळी म्हटलं की आपल्या देशाचाही संबंध येतो: कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात अशा गोळ्या बनल्या आणि ‘दमदम’ हे नाव जगभर झालं. १८९९ च्या हेग परिषदेनं माणसांविरुद्ध युद्धात त्या वापरायला बंदी केली. जनावराच्या बाबतीत मात्र पटकन मरण देणारी गोळी हीच दयेची गोळी आहे, आणि मी ज्यांच्याकडून शिकले त्या म्हाताऱ्या माओरी शिकाऱ्यांनी मला पहिल्या दिवशी दोन्ही गोळ्या तळहातावर ठेवून हा फरक दाखवला होता. पीपीयूच्या डब्यांवर एसपी आणि एफएमजे स्पष्ट छापलेलं असतं. घाईत उचलू नका, एवढंच.

आता रेंज, म्हणजे नेमबाजीचं मैदान. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून, शंभर मीटरवर, सायलेन्सर लावूनच. रानात जशी नेणार तशीच रायफल तपासावी, नाही तर त्या तपासणीला अर्थ नाही. आधी एक काडतूस चेंबरमध्ये सावकाश बंद करून बघितलं: बोल्ट जोर न लावता बसला, काढलं तर पुंगळीवर ओरखडा नाही. मग झाडायला सुरुवात.

पहिला धडा लगेच मिळतो. फेडरलवर बसवलेला नेम पीपीयूनं मारला तर गोळ्या सहा सेंटीमीटर खाली आणि दोनेक सेंटीमीटर डावीकडे गेल्या. वजन तेच, १५० ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. माप तेच, रायफल तीच. तरी फरक पडला, कारण दारू वेगळी, वेग वेगळा, आणि गोळी बाहेर पडताना नळी ज्या तऱ्हेनं थरथरते ती तऱ्हा वेगळी. शंभर मीटरवरचे सहा सेंटीमीटर दोनशेवर बारा होतात. हरणाच्या छातीत जीव जिथे असतो ती जागा साधारण वीतभर. म्हणजे डबा बदलला, नेम तपासला नाही, आणि त्यात वाऱ्याची आणि हाताच्या थरथरीची भर पडली, की फुप्फुसाऐवजी पाय तुटलेलं जनावर झाडीत निसटलं. वजन सारखं आहे म्हणजे चालेल, असं सांगणारा दुकानदार भेटला तर त्याचं ऐकू नका. स्कोपवर, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीवर, आठ क्लिक वर, तीन उजवीकडे, आणि नेम जागेवर आला.

गट, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा, कसा पडला? पाच-पाच गोळ्यांचे गट मांडले, मधे नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबले. बहुतेक गट चार सेंटीमीटरच्या आसपास आले, एखादा तीनच्या जवळ. स्पर्धेसाठीच्या महागड्या मॅच काडतुसांशी तुलना करायची तर ही साधी शिकारी गोळी, तिच्याकडून दोनशे मीटरवर आठ सेंटीमीटरची खात्री मला भरपूर आहे. तीन गोळ्यांच्या गटाचे फोटो लोक अभिमानानं दाखवतात. त्यावर विसंबू नका. तीन गोळ्या योगायोगानंही एकमेकींना चिकटतात. आमच्या कारखान्यात तीन नमुने तपासून कुणी बॅच सोडली तर त्याला घरी पाठवतील.

त्याहून महत्त्वाची एक तपासणी आहे आणि ती फार थोडे लोक करतात. रानात तुम्हाला पाच गोळ्या मिळत नाहीत. मिळते ती एक, थंड नळीतून. म्हणून मी एक कागद वेगळा ठेवते. दर वेळी रेंजवर गेल्यावर पहिली गोळी त्या कागदावर मारायची, कागद गुंडाळून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा लावायचा. कधी गारठा, कधी ऊन, कधी मी दमलेली. अशा वेगवेगळ्या दिवसांच्या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर जमत गेल्या की तुमचं, रायफलीचं आणि त्या लॉटचं खरं चित्र दिसतं. पीपीयूचा माझा कागद समाधानकारक आहे. सगळी भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जातात.

वेगही मोजला. मित्राकडचं क्रोनोग्राफ यंत्र होतं. वीस इंची नळीतून सरासरी सेकंदाला ८२० मीटरच्या जरा वर. कंपन्यांचे छापील आकडे सहसा लांब नळीतून घेतलेले असतात, आणि नळी इंचाइंचानं आखूड होत गेली की वेगही थोडा थोडा उतरतो. म्हणून डब्यावरचा आकडा आणि तुमच्या यंत्रावरचा आकडा जुळला नाही तर त्यात फसवणूक शोधू नका. मी शंभर मीटरवर नेम पाच सेंटीमीटर वर बांधते, मग दोनशेवर गोळी जवळजवळ नेमावर येते. तीनशेवर ती वीतभराहून जास्त खाली जाते. हे टोक बोथट, उघड्या शिशाचं, हवा कापायला फारसं चांगलं नाही. लांबच्या टप्प्यासाठी ही गोळी बनवलेलीच नाही. रुआहिने डोंगरांच्या झाडीत माझी बहुतेक हरणं शंभर मीटरच्या आत दिसतात, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही; दक्षिण बेटावर उघड्या डोंगरउतारांवर ताहर (एक रानबकरी) मारायला जाणाऱ्यानं टोकदार पॉलिमरवाल्या, म्हणजे प्लास्टिकच्या टोकाच्या, गोळ्या बघाव्यात.

झाडून झाल्यावर पुंगळ्या नीट बघा. हा तपासणीचा अर्धा भाग आहे आणि लोक त्या पायाखाली तुडवतात. पुंगळीच्या बुडाशी असलेलं प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, तिच्या कडा गोलसर राहायला हव्यात. ती सपाट होऊन खाचेच्या कडेपर्यंत पसरली असेल, बुडाच्या शिक्क्यावर चकचकीत डाग उमटला असेल, किंवा बोल्ट उचलताना जोर लागत असेल, तर दाब जास्त होतोय. पीपीयूत यातलं काही दिसलं नाही. कडा गोल, बोल्ट दोन बोटांनी उघडतो. याच्या आधी मी आणखी एका स्वस्त काडतुसाचा डबा आणला होता, नाव घेत नाही. त्यातल्या तिसऱ्या गोळीनंतर बोल्ट अडला, तळहाताचा दणका द्यावा लागला आणि प्रायमर चपटं झालेलं होतं. तिथेच थांबले, उरलेली काडतुसं दुकानात परत दिली. अशा वेळी ‘आणखी दोन मारून बघू’ हा मोह फार वाईट. रायफल तुम्हाला सांगत असते, ऐकलं पाहिजे.

पीपीयूचं पितळ जाड आहे आणि घरी पुन्हा काडतुसं भरणारे लोक या पुंगळ्या जपून ठेवतात. मी भरत नाही, पण क्लबातल्या एकीला माझ्या सगळ्या पुंगळ्या देते आणि ती आनंदानं नेते. किमतीचा हिशेब करताना हेही धरा.

मग रान. रुआहिने पर्वतरांगेत जिथे दरड कोसळून उतार उघडा पडलेला असतो, तिथे संध्याकाळी हरणं कोवळं गवत खायला उतरतात. ओढ्याच्या अलीकडे सॅकवर रायफल टेकवून मी बसले होते. वारा तोंडावर येत होता. एक मादी झाडीतून बाहेर आली, मागे पिल्लू नाही हे बराच वेळ बघून खात्री केली, ती आडवी होईपर्यंत थांबले. अंतर एकशे तीस मीटर. गोळी पुढच्या पायाच्या किंचित मागे लागली. ती पंधरा-वीस पावलं उताराला धावली आणि आडवी झाली. मी पोचेपर्यंत डोळ्यात जीव नव्हता.

सोलताना गोळी सापडली. दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडच्या खांद्याचं हाड फोडून ती कातडीच्या आत अडकली होती, बाहेरून बोटाला गाठ लागत होती. सुरीनं चीर देऊन काढली. पावसात उगवणाऱ्या अळंबीसारखी झाली होती: देठ जसाच्या तसा, तांब्याचा पत्रा पाकळ्यांसारखा मागे वळलेला, मधे शिसं. रुंदी मूळच्या जवळजवळ दुप्पट. घरी येऊन धुऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर साडेसहा ग्रॅमला जरा कमी. म्हणजे दोन तृतीयांश वजन टिकलं. बाबांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी चष्मा बदलला, मला ती कॅमेऱ्यासमोर तीन-चारदा फिरवायला लावली आणि म्हणाले, “जॅकेट (गोळीवरचा पत्रा) सुटलेलं नाही. चांगली आहे.” बाबांच्या तोंडून ‘चांगली आहे’ म्हणजे लॉट पास.

नंतरच्या हरणांत गोळी आरपार गेली. बाहेर पडलेलं भोक दोन बोटांएवढं, रक्ताचा माग ठळक. दाट झाडीत माग मिळणं फार मोलाचं असतं, कारण दहा पावलांवर पडलेलं हरीणही नेच्यांच्या गचपणात दिसत नाही.

दोन तृतीयांश वजन टिकलं, तर मग उरलेलं एक तृतीयांश कुठे गेलं? ते मांसात गेलं. हा पीपीयूचा प्रश्न नाही, शिशाच्या प्रत्येक साध्या गोळीचा आहे. शिशाचे कण इतके बारीक होतात की दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत, फक्त एक्स-रेत दिसतात, आणि जखमेपासून बरेच लांब पसरलेले असतात. त्यामुळे मी भोकाच्या चारी बाजूंनी ओंजळभर मांस कापून टाकते, काळंनिळं झालेलं सगळं काढते, आणि त्या बाजूच्या खांद्याचा खिमा कधीच करत नाही. घरात लहान मुलं असतील किंवा कुणी गरोदर असेल तर सरळ पूर्ण तांब्याची गोळी घ्या, दुप्पट पैसे पडले तरी. माझ्या भावाकडची मंडळी सुट्टीत आली होती तेव्हा भाचरांसाठी मी तांब्याच्या गोळीनं मारलेल्या हरणाचंच मटण वेगळं ठेवलं होतं. बाकी पाठीचं मांस कांदा-लसूण मसाला लावून तव्यावर, आणि मागच्या मांडीचं सुकं. हरणाला चरबी जवळजवळ नसते, तेल नेहमीपेक्षा सढळ हातानं घालावं लागतं आणि जास्त शिजवलं की चिवट होतं.

सांबराचं सांगते. होय, आपलंच सांबर, ताडोबात वाघाची चाहूल लागली की ‘पोंक’ करून ओरडतं तेच. १८७५ मध्ये श्रीलंकेतून आणलेली सांबरं मानावातूच्या पट्ट्यात सोडली गेली, त्यांची पिलावळ आजही माझ्या घरापासून तासाभराच्या आत चरते, बरीचशी खासगी जमिनींवर आणि पाइनच्या लागवडीत. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो. खांद्याचं हाड जाड, अंगावर चिखलाचा थर, आणि जखमी झाला तर दलदलीत असा शिरतो की हाती लागत नाही. एवढ्या जनावराला दोन तृतीयांश वजन टिकवणारी हलकी, साधी गोळी पुरेशी खोल जाईल याची खात्री मला वाटत नाही. तिथे १८० ग्रेन घ्यावी, किंवा शिसं आणि पत्रा एकजीव केलेली बाँडेड गोळी, किंवा तांब्याची. मी स्वतः आजवर सांबरावर गोळी चालवलेली नाही. लहानपणी ताडोबात पहाटे जिप्सीत बसून ज्याचा आवाज ऐकला, त्याच्यावर नेम धरायला मन अजून तयार होत नाही, आणि मी त्याला जबरदस्ती करत नाही.

ज्यांच्याकडे आजोबांच्या काळची .३०३ आहे त्यांच्यासाठी पीपीयू जास्तच कामाची. इथे शेताशेतांत जुन्या ली-एनफिल्ड पडून आहेत. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री हीच. मोठ्या कंपन्यांना या जुन्या मापांत आता फार रस उरलेला नाही. पीपीयू .३०३ अजून बनवते, सॉफ्ट पॉइंटही, आणि इटालियन, फ्रेंच, रशियन अशा लष्करांतून कधीच निवृत्त झालेल्या रायफलींची काडतुसंही बनवते. फक्त जुनी रायफल आधी बंदुकीच्या कारागिराकडून तपासून घ्या.

घ्यायचं ठरलं तर असं करा. पहिल्या दिवशी एकच डबा घ्या आणि दुकानदाराला सांगून ठेवा की पटलं तर याच लॉटचे आणखी हवेत. रेंजवर पटलं की त्याच आठवड्यात जाऊन त्याच नंबरचे, वर्षभर पुरतील एवढे घ्या. मी डब्याच्या आतल्या झाकणावर पेन्सिलीनं लिहून ठेवते: लॉट, तारीख, क्लिक किती, गट किती. पुढचा लॉट वेगळा निघाला तर पुन्हा रेंज, पुन्हा नवा कागद. उघड्या शिशाची टोकं मॅगझिनमध्ये झटक्यानं थोडी चेपतात. रानातून आल्यावर ती काडतुसं वेगळी काढून सरावाला वापरा, तीच ती महिनोन्महिने आत-बाहेर करू नका.

आणि भारतात सुट्टीला जाणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. शिकारीची सॅक, जॅकेट किंवा पँट घेऊन जाऊ नका. आपल्या विमानतळांवर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, आणि चुकून राहिलं हे सिद्ध होईपर्यंत सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जाते. सुटं काडतूस अस्तराच्या आत सरकलेलं असतं, खिसे उलटे करूनही सापडत नाही. प्रवासाची बॅग वेगळीच घ्या आणि ती बंदुकीच्या कपाटाच्या जवळपासही ठेवू नका.